असुरक्षित प्रदेशातील पुरातत्त्वीय क्षेत्रकार्य

हे टिपण मी विरारजवळच्या फुलपाड्यात बसून लिहीत आहे. येथून जवळच, सोपारा येथे, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. त्यांच्यापुढील प्रश्न विटांचे, करंडकाचे आणि त्यातील मूर्तींचे होते. जिवाचा प्रश्न नव्हता. सर्वच संशोधकांच्या वाट्याला ही निश्चिंती येत नाही.

मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात बटेश्वर येथे सुमारे दोनशे लहान मंदिरे ढासळून पडली होती आणि भोवतीच्या चंबळ खोऱ्यात दरोडेखोरांचा वावर होता. २००५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांनी निर्भय गुज्जर याच्या टोळीशी बोलून तेथे जीर्णोद्धार सुरू केला. ही मंदिरे गुर्जर-प्रतिहारांची, म्हणजे तुमच्याच पूर्वजांची आहेत, असे त्यांनी टोळीला पटवले. प्रतिहारांचे गुर्जरत्व हा इतिहासकारांमध्ये वादाचा विषय आहे. तरीही काम त्या एका शब्दाने झाले! टोळी संपल्यावर मात्र दगडखाणींतील सुरुंगांनी त्याच मंदिरांना हादरे बसू लागले. दरोडेखोर गेले म्हणजे धोका गेला, असे झाले नाही.

आपल्या गडचिरोलीचा विचार करा. तेथे पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांच्या हत्या केल्या आहेत. अशा भागात नकाशा, कॅमेरा आणि प्रश्नावली घेऊन फिरणारा परका माणूस दोन्ही बाजूंना संशयास्पद वाटतो. ‘सर्वेक्षण’ म्हटले की लोकांना खाण आठवते, ‘खोदकाम’ म्हटले की गुप्तधन. म्हणून ग्रामसभेपुढे आपण काय करणार हे साध्या वाक्यांत सांगावे. माडिया येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि खरी जोखीम त्याचीच असते. आपण चार दिवसांनी गाडीत बसतो; त्याला त्याच गावात राहायचे असते. आपल्या वहीत त्याचे नाव नसावे, केवळ क्रमांक असावा. नावांची यादी गावाबाहेर ठेवावी. गावाने थांबा म्हटले, तर खड्डा अर्धा असला तरी बुजवून निघावे.

सरावासाठी सोपाऱ्याला जा. तेथील एखाद्या वृद्धाशी स्तूपाविषयी बोला. त्यांची ओळख पटेल असा एकही तपशील न घेता नोंद लिहा, आणि त्यामुळे नोंदीतून काय निसटते ते तपासा.