कोंड्यासकट धान्य : ओट आणि नाचणी

महाराष्ट्रात ओट हे मुख्यतः गुरांच्या हिरव्या चाऱ्याचे पीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाण त्यासाठीच काढलेला असून, कोकणात जगबुडी नदीकाठच्या खेडमध्ये न्याहारीचा ओट येतो तो किराणा दुकानातल्या पाकिटातूनच. त्याचे टरफल काढल्यावरही दाण्यावरचा कोंडा आणि आतला अंकुर शाबूत राहतात आणि वाफवून रुळाखाली चपटा केला तरी ते जात नाहीत, म्हणून त्याला संपूर्ण धान्य म्हणतात. त्यातील बीटा-ग्लुकन हा पाण्यात विरघळणारा तंतुमय घटक रोज ३ ग्रॅम पोटात गेला, तर रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, आणि तो हृदयविकाराचा धोका कमी करू शकतो, असा दावा पाकिटावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली.

हाच घटक स्वयंपाकात चिकटपणा आणतो. त्यामुळे उपम्यासाठी ओट आधी कोरडा भाजून घ्यावा, आणि घावनाच्या तांदूळपिठात ओटाचे पीठ मिसळले असल्यास, भिजवलेले पीठ थोड्या वेळात घट्ट होते हे ध्यानात ठेवून पाणी वाढवावे. थालीपिठाच्या भाजणीत तो सहज मुरतो. नुसत्या ओटाची भाकरी मात्र थापताना चिरते, कारण कणीक लवचीक करणारे ग्लुटेन त्यात नसते.

ग्लुटेन नाचणीतही नसते, पण कोकणातील बायकांनी उकड काढून, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ शिजवून, त्यावर केव्हाच तोड काढली आहे. सह्याद्रीच्या उतारावरील वरकस, म्हणजे भातास न चालणाऱ्या हलक्या जमिनीत पिकणाऱ्या या धान्याचे सुधारित वाण खेडशेजारच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिले आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच ओटात जेमतेम ५०. नाचणीचा कोंडा दाण्याला इतका घट्ट चिकटलेला असतो की तिची भाकरी आपसूकच संपूर्ण धान्याची होते. मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून केलेले सत्त्व पचायला हलके असले, तरी त्याला संपूर्ण धान्य म्हणता येत नाही, कारण कोंडा, आणि त्यासोबत बरेचसे कॅल्शियमही, चोथ्यात उरते.

कोलेस्टेरॉलसाठी ओट जरूर घ्यावा, मात्र साखर घातलेला नव्हे. पण ज्या घरी नाचणीची भाकरी रोज होते, तिथे केवळ संपूर्ण धान्य हवे म्हणून पाकीट आणण्याचे कारण नाही.