सदनिका विकली, पण देखभाल शुल्काचे दायित्व कोणाचे?

रायपूरमधील घर विकून पुण्यास किंवा नागपुरास मुलांकडे स्थायिक होणाऱ्या निवृत्त ग्राहकांना एक प्रश्न हमखास पडतो. विक्रीखताची नोंदणी झाली, रक्कम खात्यात जमा झाली, किल्ल्याही सुपूर्द केल्या. मग भूभाटकाच्या व देखभाल शुल्काच्या थकबाकीची नोटीस आपल्याच नावे का यावी? कार्यालयाची काहीतरी चूक झाली असेल, असे समजून अशी नोटीस बाजूला ठेवली जाते. सदनिका मुक्त मालकीची असती, तर ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरली असती. पट्ट्याच्या जमिनीवरील सदनिकेबाबत मात्र ती धोक्याची आहे.

रायपूर विकास प्राधिकरण व छत्तीसगढ गृहनिर्माण मंडळ यांच्या वसाहतींमध्ये मालमत्ता पट्ट्याने देण्याची पद्धत रूढ आहे. अशा व्यवहारात घर विकत घेतले असे बोलण्यात म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ग्राहकाकडे येतो तो ठरावीक मुदतीचा पट्टेदारी हक्क. जमिनीची मालकी पट्टा देणाऱ्या संस्थेकडेच राहते. पट्टाविलेखात पट्टेदाराने भूभाटक भरण्याचे, तसेच बहुधा देखभाल शुल्क भरण्याचेही वचन दिलेले असते. पुढे सदनिका विकली जाते, तेव्हा हा उर्वरित मुदतीचा हक्कच हस्तांतरित होतो. दिलेल्या वचनाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ (ञ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतील उपखंड ‘जे’ मध्ये आहे. पट्टेदाराला आपला हक्क हस्तांतरित करता येतो. परंतु केवळ हस्तांतरण केले म्हणून पट्ट्यापोटी येणाऱ्या दायित्वांतून तो मुक्त होत नाही, असे हे कलम सांगते. पट्टाविलेखात वेगळे ठरले असेल, तर अर्थातच तसे लागू होते. यामागील विचार सरळ आहे. पट्टा देणाऱ्याने मूळ पट्टेदाराची पत पाहून करार केलेला असतो. पट्टेदाराने परस्पर आपल्या जागी दुसऱ्याला उभे करावे आणि स्वतः मोकळे व्हावे, हे कायद्याला मान्य नाही. बँकेच्या ग्राहकांना हे सहज समजावे. कर्जदाराने तारण वस्तू दुसऱ्यास विकली म्हणून त्याचे कर्ज काही त्या दुसऱ्याच्या खात्यावर जात नाही.

हा नियम मूळचा इंग्रजी विधिपरंपरेतील. गमतीची गोष्ट अशी, की खुद्द इंग्लंडने तो बराच सैल केला आहे. तेथे १९९५ च्या अधिनियमानुसार, १ जानेवारी १९९६ पासून झालेल्या बहुतेक नव्या पट्ट्यांत रीतसर हस्तांतरण झाल्यावर जुना पट्टेदार पुढील दायित्वांतून मुक्त होतो; ज्यांचे दायित्व शिल्लक राहते, त्यांच्याकडूनही ठरावीक रकमांची थकबाकी वसूल करावयाची असेल, तर ती देय झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सूचना द्यावी लागते. भारतीय अधिनियमात असे संरक्षण नाही. त्यामुळे येथील विक्रेत्याने आपली सुटका स्वतःच करून घ्यावयाची असते.

ही सुटका नामांतरणाने होते. पट्टा देणाऱ्या संस्थेच्या अभिलेखात जुन्या पट्टेदाराच्या जागी नव्याचे नाव लागले, नव्याने पट्ट्याच्या अटी स्वीकारल्या आणि संस्थेने जुन्यास मोकळे केले, म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ च्या अर्थाने जुन्या कराराच्या जागी नवा करार येतो. निबंधक कार्यालयातील नोंदणी ही याहून वेगळी गोष्ट आहे. तेथे विक्रीखत नोंदले गेले म्हणून मंडळाच्या किंवा प्राधिकरणाच्या दप्तरात आपोआप बदल होईल असे नाही. नामांतरणाचा अर्ज हे खरेदीदाराचे काम, असे मानून विक्रेते गावी निघून जातात. अर्ज न झाल्याचा फटका मात्र अनेकदा विक्रेत्यालाच बसतो. तेव्हा विक्रीखताच्या दिवशीच दोघांच्या स्वाक्षरीचा अर्ज दाखल करून त्याची पोच जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. रायपूरच्या नगर निगमातील मालमत्ताकराचे खाते, वीजजोडणी आणि रहिवासी समितीची नोंदवही यांतील नावेही स्वतंत्रपणे बदलून घ्यावी लागतात.

आता विक्रेता व खरेदीदार यांच्या परस्पर हिशेबाकडे वळू. त्याच अधिनियमाचे कलम ५५ येथे उपयोगी पडते. विक्रीच्या दिवसापर्यंत देय झालेली सार्वजनिक देणी व भाडे विक्रेत्याने भरावे, मालकी गेल्यानंतरची देणी खरेदीदाराने भरावीत, अशी त्यातील वाटणी आहे. परंतु रहिवासी समितीचे देखभाल शुल्क हे ‘सार्वजनिक देणे’ नव्हे. आणि पट्टाविलेखात तसे म्हटले नसेल, तर ते ‘भाडे’ही नव्हे. म्हणूनच विक्रीखतात देखभाल शुल्काचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘सर्व देणी विक्रेत्याने भरली आहेत’ या ठोकळेबाज वाक्याने काम भागत नाही.

खरी अडचण नेहमीच्या मासिक शुल्काची नसते, मोठ्या दुरुस्तीची असते. समजा, उद्वाहक बदलण्याचा ठराव समितीने जूनमध्ये केला, सदनिकेची विक्री ऑगस्टमध्ये झाली आणि प्रत्येकी चाळीस हजार रुपयांची मागणी ऑक्टोबरमध्ये निघाली. विक्रेता म्हणतो, मागणी आली तेव्हा घर माझे नव्हते. खरेदीदार म्हणतो, ठराव झाला तेव्हा मी सभासद नव्हतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि वाद चिघळतो तो यामुळेच. देय होण्याची तारीख हा कायद्याचा सर्वसाधारण कल असल्याने येथे पारडे बहुधा विक्रेत्याच्या बाजूने झुकेल. तथापि त्या ठरावाची माहिती दडवून ठेवली असेल, तर वादास वेगळेच वळण लागू शकते. विक्रीपूर्वी समितीकडून केवळ थकबाकी नसल्याचा दाखला न घेता, मंजूर झालेल्या पण मागणी न निघालेल्या कामांची माहितीही लेखी मागावी. अशी रक्कम कोणी भरावयाची, ते विक्रीखतातच लिहावे. आणि दुसऱ्याच्या देण्यापोटी भुर्दंड बसल्यास त्याची भरपाई करून देण्याचे हमीचे कलमही त्यात घालावे.

खरेदीदारानेही निर्धास्त राहू नये. महाराष्ट्रात १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखाली असलेल्या इमारतींत सामायिक खर्चाची थकबाकी हा त्या सदनिकेवरील बोजा ठरतो आणि विक्रीपर्यंतच्या थकबाकीस विक्रेता व खरेदीदार दोघेही संयुक्तपणे जबाबदार असतात. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात निर्णय दिला, की वैध नियमांत तशी तरतूद असल्यास जुन्या ग्राहकाची थकबाकी भरल्याखेरीज नवी जोडणी न देण्याची अट त्या जागेच्या नव्या मालकावर घालता येते. जुने देणे माणसासोबत गेले, असे खरेदीदाराने गृहीत धरू नये.

गृहकर्ज देताना बँक पट्टा देणाऱ्या संस्थेची गहाणास संमती, भूभाटक भरल्याची अद्ययावत पावती व थकबाकी नसल्याचा दाखला मागते. ग्राहकांना हा कागदांचा सोस वाटतो. वस्तुतः तीच कागदपत्रे पुढे विक्रेत्याच्याही कामी येतात. शेवटच्या हप्त्यातून थोडी रक्कम नामांतरण पूर्ण होईपर्यंत रोखून धरण्याचे उभयपक्षी ठरवता येते. विक्रेत्याने देखभाल शुल्कासाठी खात्यावर दिलेली स्थायी सूचना मात्र ताबा दिल्याच्या तारखेपासून लेखी अर्जाने बंद करावी. एरवी दुसऱ्याच्या घराचे शुल्क महिनोन्‌महिने आपल्याच खात्यातून जात राहते.

बँकेने लिलावात काढलेली सदनिका घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अशी विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते आणि थकीत देखभाल शुल्क, कर व वीजबिल खरेदीदाराने भरावे, अशी अट जाहीर सूचनेत बहुधा असते. मंडळ, समिती व वीज कंपनी यांच्याकडून थकबाकीचा आकडा लेखी मिळवून, तो वजा करूनच बोलीची रक्कम ठरवावी.