कातळाच्या पोटातील टाकी

रत्नागिरी शहराच्या जुन्या आळ्यांतून आणि भोवतालच्या वाड्यांतून अशी कितीतरी चिरेबंदी घरे आहेत, की ज्यांच्या साऱ्या खोल्या वर्षातून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुटीत तेवढ्या उघडल्या जातात, आणि एरवी दोन वृद्ध माणसांच्या वापरात असलेल्या संडासावर चाकरमान्यांच्या आगमनाबरोबर एकाएकी वीस माणसांचा भार येऊन पडतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी तुंबते, मैला उपसणारी गाडी बोलावण्यात येते, आणि गाडीवाल्याने नळी उलगडता उलगडता विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नसते. टाकी आजोबांच्या हयातीत बांधलेली. ती बांधणारा गवंडी केव्हाच निवर्तलेला. नंतर परसात भर घातली गेली, फरशी झाली, पत्र्याची पडवी उभी राहिली, आणि टाकी कोठे आहे हे ठाऊक असलेले शेवटचे माणूसही गेले. अशा वेळी अंदाजाने दोनचार खड्डे मारून वेळ निभावून नेण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. परंतु हा शोध वास्तविक पदार्थविज्ञानाचा आणि भूशास्त्राचा विषय असून, जांभ्याच्या भूमीत त्याची रीत इतर प्रदेशांच्या नेमकी उलट आहे.

सेप्टिक टाकी म्हणजे मुळात एक अंधारी आणि प्राणवायूरहित खोली. घरातील मैलापाणी तिच्यात सुमारे एक दिवस थांबले, की जड भाग तळाशी बसून त्याचा गाळ होतो, तेलकट हलका भाग वर तवंग धरतो, आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या तोंडाने शोषखड्ड्याकडे जाते. तळच्या गाळावर प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू सावकाश काम करीत राहतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निपजतात. एकाएकी दहापट पाणी आले म्हणजे हा एक दिवसाचा मुक्काम काही तासांवर येतो, गाळ ढवळून निघतो आणि शोषखड्ड्याची छिद्रे बुजवून टाकतो. सणासुदीलाच टाकी तुंबण्याचे कारण हेच. इंग्लंडातील एक्झेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५-९६ च्या सुमारास अशी टाकी बांधून तिला आजचे नाव दिले, आणि ही विद्या आपल्याकडे यावयास फारसा विलंब लागला नाही. १८९० साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवर १८९७ साली वायू साठविण्याची योजना करण्यात येऊन त्या वायूवर एंजिनही चालविण्यात आले होते.

रत्नागिरीची भूमी मात्र माटुंग्याची नव्हे. वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारमाही उष्ण हवामान यांच्या योगाने मूळच्या काळ्या पाषाणातील सिलिका व इतर विद्राव्य द्रव्ये लक्षावधी वर्षे धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. तोच हा सच्छिद्र, तांबडा जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो खाणीत असता लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि बाहेर काढून उघड्यावर ठेवला की कठीण होतो, या त्याच्या स्वभावाची त्याने आवर्जून नोंद घेतली होती. त्याच स्वभावामुळे येथील गवंड्यास टाकीसाठी खड्डा खणणे म्हणजे एक लहानशी चिरेखाण उघडण्यासारखे असे. पण कातळाला पडलेला छेद बुजविता आला तरी पुसून टाकता येत नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी येथील सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आजही दिसतात ती याच कारणाने. आणि परसातल्या मातीखाली चौकोनी कापलेला खड्डाही त्याच न्यायाने आपल्या कडा राखून असतो.

शोधाची सुरुवात अर्थात अंगणात करावयाची नसते, ती दफ्तरात करावयाची असते. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतचा नकाशा, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, जुन्या दुरुस्तीच्या हिशेबाची वही, एवढी कागदपत्रे पाहिल्यावाचून पहारीला हात घालू नये. मिळकत पत्रिकेत टाकीची नोंद सापडण्याची आशा नसली, तरी हद्द कोठे होती आणि इमला केव्हा वाढला हे तीवरून उमगते, आणि पुष्कळ टाक्या या मागाहून वाढविलेल्या इमल्याखालीच सापडतात. त्यानंतर घर वाचावे. संडासाच्या भिंतीतून निघणारा ४ इंची नळ कोणत्या बाजूस बाहेर पडतो, वायू सोडण्यासाठी उभारलेला जाळीच्या टोपीचा नळ कोणत्या कोपऱ्यात आहे, आणि जमिनीचा उतार कोणीकडे आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मा शोध संपतो. मैल्याचा नळ वळणे घेत जात नाही. तो सरळ जातो आणि दिशा बदलावयाची झाल्यास तेथे चेंबर घालावे लागते. दर ६० फुटांस १ फूट असा उतार धरला, तर घरापासून ६ मीटर अंतरावर नळ केवळ १० सेंटिमीटर खाली उतरतो. अर्थात भिंतीपाशी नळाची खोली मोजता आली, तर टाकीच्या तोंडाची खोली आकडेमोडीने सांगता येते. शिवाय कातळ खणण्याची मजुरी मोठी असल्यामुळे आवश्यकतेपेक्षा एक हातही लांब चर खणण्याच्या भरीस कोणी पडत नसे, हे अनुमान रत्नागिरीत सहसा दगा देत नाही.

भूपृष्ठाच्या खुणा यानंतर पाहाव्यात, आणि त्या पाहण्याचा काळ माघ-फाल्गुनाचा. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यात कातळावरचे गवत वाळून पिवळे पडते. त्या पिवळ्या पृष्ठभागावर एखादा हिरवा पट्टा रेंगाळत असेल, तर त्याखाली ओलावा आणि नत्र यांचा काही खजिना आहे असे समजावे. परंतु कोकणातल्या परसात ही खूण फसवी ठरू शकते, कारण न्हाणीचे पाणी माडाला आणि केळीला सोडण्याची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्या ओघळाने पोसलेली हिरवळही तितकीच टवटवीत असते. याच्या उलट, टाकीचे झाकण वरच असेल आणि त्यावर वीतभरच माती असेल, तर तेथले गवत सभोवतालच्या आधी करपते, कारण मुळांना खाली जागा नसते. म्हणून एका रंगावर विसंबू नये. हिरव्या अथवा करपलेल्या तुकड्याला सरळ कड आणि काटकोन आहे काय, हे पाहावे.

यानंतर सळईची पाळी. मातीच्या प्रदेशात शोधणारा जमिनीत सळई दाबतो आणि ती कशाला तरी अडण्याची वाट पाहतो. येथे वीत-दोन वितींवर ती सर्वत्रच कातळाला अडते, आणि जेथे अडत नाही तेथून खरा शोध सुरू होतो. बोटाएवढ्या जाडीची, टोक किंचित बोथट केलेली आणि वर आडवी मूठ जोडलेली सळई घेऊन, अपेक्षित दिशेला आडव्या रेषेत हातभर अंतराने ती दाबीत जावी. ती ठोकू मात्र नये, कारण खाली मातीचा नळ किंवा विजेची तार असण्याचा संभव असतो. अखंड जांभ्यावर सळई टेकली, की हाताला कठीण धक्का बसतो आणि आवाज कोरडा येतो. मग एका ठिकाणी ती अचानक कोपरभर खाली जाते, आणि बाहेर काढल्यावर टोकाला तांबडी माती व चिऱ्याची कपची चिकटलेली दिसते. हा झाला खड्ड्याची कड व टाकीची भिंत यांच्यामधला भराव, कारण गवंड्याला भिंत रचण्यासाठी हातपाय हलविण्याइतकी जागा जादा खणावीच लागते. आणखी वीतभर पुढे सळई पुन्हा अडते, पण आता आवाज पोकळ, घुमल्यासारखा येतो. तेथे झाकणाची लादी आहे. मऊ पट्टा, त्याच्या आत घुमणारा कठीण चौकोन आणि बाहेर मुका कातळ, अशी तिन्ही चिन्हे एकत्र मिळाली म्हणजे संशयाला जागा राहत नाही. माडाचा जुना खड्डाही मऊ लागतो आणि जांभ्यात नैसर्गिक पोकळ्याही असतात, पण त्यांना चौकोनी आकार नसतो. भारतीय मानकाप्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत असते. त्यामुळे एक कोपरा सापडला, की उरलेले तीन कोठे असावेत याचा अदमास बांधता येतो.

यंत्रे हाती असली तरी जांभा त्यांची परीक्षा घेतोच. धातुशोधक यंत्र झाकणातील लोखंडी गजांचा वेध घेते खरे, परंतु दगडी फरशीने झाकलेल्या जुन्या टाकीवर ते मूक राहते, आणि लोहमय जांभ्यावर उगाचच बोलू लागते. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, यावरून या दगडाच्या चुंबकीय लहरीपणाची कल्पना यावी. भूवेधी रडार जमिनीत विद्युत्‌चुंबकीय लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजते: कोरड्या जमिनीत या लहरींचा वेग नॅनोसेकंदास १० सेंटिमीटरच्या आसपास धरल्यास, २० नॅनोसेकंदांनी परत आलेला प्रतिध्वनी १ मीटर खोलीचा होय, पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी शोषल्या जातात, म्हणून पावसाळ्यात हे साधन जवळजवळ निरुपयोगी ठरते. फ्रँक वेन्नर यांनी १९१५ साली मांडलेली विद्युत्‌रोधाची पद्धती, म्हणजे समान अंतरावर चार खुंट्या रोवून बाहेरच्या दोहोंतून विद्युत्‌प्रवाह सोडणे आणि आतल्या दोहोंत दाब मोजणे, विहिरीची जागा पाहताना आपल्याकडे परिचित आहे. कोरडा जांभा विजेला मोठा विरोध करतो आणि क्षारयुक्त ओल तिला वाट देते, त्यामुळे वैशाखात टाकीची जागा आकड्यांत उठून दिसते. या सर्वांहून खात्रीचा उपाय म्हणजे नळातूनच शोध घेणे: ५१२ हर्ट्झ कंपनसंख्येचा संदेश देणारा छोटा प्रेषक लवचिक तारेच्या टोकाला बांधून संडासाच्या नळातून पुढे सरकवीत नेतात आणि वर जमिनीवर ग्राहकयंत्र घेऊन त्याचा माग काढतात. ही कंपनसंख्या इतकी कमी आहे, की जुन्या बिडाच्या नळाच्या भिंतीतूनही तिचा संदेश बाहेर येतो.

टाकी सापडली म्हणजे काम संपले नव्हे. धोका तेथून सुरू होतो. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड झाकणाच्या खालच्या ओलसर पृष्ठभागावर पोहोचतो, तेथील जीवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात, आणि ते आम्ल सिमेंट खात जाऊन आतले गज उघडे पाडते. मेलबर्न येथे सी. डी. पार्कर यांनी १९४५ साली या जीवाणूंचा छडा लावला. म्हणून जुन्या झाकणावर उभे राहू नये, फळी टाकून बाजूने काम करावे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला असता स्फोटक होतो, म्हणून काडी ओढून आत पाहू नये. आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दशलक्षात १०० च्या घरात गेले, की घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणून वास येत नाही याचा अर्थ वायू नाही असा करू नये. संरक्षक साधनांवाचून माणसाला सफाईसाठी टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. या प्रश्नाशी रत्नागिरीचा संबंध जुना आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली येथील तुरुंगात मैला साफ करण्याचे काम मागितले, आणि उच्चवर्णीय कैद्यास ते देण्याचे अधिकाऱ्यांनी नाकारले, तेव्हा त्यांनी अन्नाबाबत निग्रह आरंभिला; त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपवास केला. झाकणाची नेमकी जागा ठाऊक असली, तर यंत्राची नळी थेट आत जाते. ती ठाऊक नसली, की भलतीकडे भगदाड पाडून चाचपडण्यासाठी कोणा गरिबालाच पुढे केले जाते.

टाकीचा दुसरा धोका विहिरीला. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याने पटकीचा हाहाकार उडाला. पुढील वर्षी यॉर्क नामक सर्वेक्षकाने तेथे खणून पाहिले, तेव्हा ४० क्रमांकाच्या घराखालचा मोडकळीस आलेला मैल्याचा खड्डा विहिरीपासून ३ फुटांहूनही कमी अंतरावर निघाला. आपल्या मानकात शोषणव्यवस्था आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर सांगितले आहे, पण जांभ्याची नळीदार छिद्रे पाणी गाळण्यापूर्वीच पुढे नेतात, म्हणून येथे ते अंतर किमानच समजावे. शंका असल्यास फ्लुओरेसिन हे हिरवे रंगद्रव्य संडासातून सोडून विहिरीवर पहारा ठेवता येतो. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूबच्या भूमिगत होणाऱ्या प्रवाहात १० किलो फ्लुओरेसिन टाकले असता, सुमारे ६० तासांनी ते १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून हिरवेगार बाहेर पडले होते. घरातल्या परीक्षेला मात्र चिमूटभर पुरते.

सातारा जिल्ह्यातील वाई येथे नगरपरिषदेने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीने उपसण्याची व्यवस्था सुरू केली आहे. असली व्यवस्था उद्या रत्नागिरीस येवो अथवा न येवो, तिची पूर्वतयारी प्रत्येक घरमालकाच्या हाती आजच आहे. झाकण उघडे पडले, की घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून त्याच्या मध्यापर्यंतची अंतरे फितीने मोजावीत. दोन ज्ञात बिंदूंपासूनची दोन अंतरे घराच्या एका बाजूस एकच जागा निश्चित करतात, हे शाळेतील भूमितीचे प्रमेय येथे अक्षरशः उपयोगी पडते. त्यांच्याजोडीला झाकणाची खोली, शेवटचा उपसा झाल्याची तारीख आणि शोषखड्ड्याची दिशा लिहून तो कागद घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत ठेवावा, आणि शक्य तर झाकण जमिनीच्या पातळीपर्यंत वर घ्यावे. खर्च म्हणाल तर फीत, कागद आणि अर्ध्या तासाचे काम एवढाच. मग पुढच्या पिढीला पहार घेऊन परस उकरीत बसण्याचे कारण पडणार नाही.