निळ्या ताऱ्यांचे तापमान

हिवाळ्यातल्या रात्री मृग नक्षत्रात तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य लगेच नजरेत भरतात. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, राजन्याचे १२,०००च्या आसपास. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. पंचाईत होते ती याहून तप्त ताऱ्यांची. त्यांचे बहुतेक तेज अतिनील किरणांत असते. दृश्य प्रकाशात २०,००० आणि ४०,००० केल्विनचे तारे जवळजवळ सारखेच निळे दिसतात. त्यात वाटेतल्या धुळीने त्यांच्या रंगात तांबूसपणा मिसळतो.

रंगाने हात टेकले की वर्णपटातल्या रेषा मदतीला येतात. किती तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील, याचे गणित मेघनाद साहांनी १९२०मध्ये मांडले. इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या रेषा ठळक दिसल्या, तर तारा ३०,००० केल्विनच्या आसपास किंवा त्याहून तप्त असतो.

आणखी थेट मार्गही आहे. ताऱ्याकडून पृथ्वीवर पोचणारी एकूण ऊर्जा आणि त्याच्या बिंबाचा आकाशातला कोनीय व्यास कळला, की पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर किती ऊर्जा बाहेर टाकतो ते निघते. ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ताऱ्याचे अंतर ठाऊक नसले तरी अडत नाही, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य.

पण बिंब मोजायचे कसे? दिल्लीतले रुपयाचे नाणे चेन्नईहून जेवढे दिसेल, तेवढेच राजन्याचे बिंब! रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे १८८ मीटर व्यासाचा वर्तुळाकार लोहमार्ग टाकला. त्यावर दोन अवाढव्य परावर्तक फिरत, प्रत्येकी २५२ षट्कोनी आरशांचे. दोन्हींवर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेतले सूक्ष्म चढउतार एकमेकांशी ताडून पाहिले जात. परावर्तक लांब नेले की जुळणी घटते. ती कशी घटते, यावरून व्यास काढता येतो. १९७४पर्यंत ३२ ताऱ्यांचे व्यास हाती आले.

राहिली ऊर्जा. अतिनील प्रकाश वातावरणातच अडतो; तो १९६८मध्ये सोडलेल्या ‘ओएओ-२’ उपग्रहाने वरून मोजला. १९७६मध्ये दोन्ही मोजण्या एकत्र आल्या आणि तप्त ताऱ्यांच्या तापमानांना भक्कम आधार मिळाला.

नॅराब्रायची युक्ती पुढे मागे पडली, पण संपली नाही. ॲरिझोनातील ‘व्हेरिटास’च्या चार दुर्बिणी गॅमा किरणांसाठी उभारलेल्या, चांदण्या रात्री ते काम नीट होत नाही. अशा रात्री त्यांनी हीच पद्धत वापरली आणि मृगाच्या पट्ट्यातल्या मधल्या ताऱ्याचा, अनिरुद्धाचा, व्यास नव्याने व अधिक काटेकोरपणे मोजला. ते निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले.