भोंग्याच्या पलीकडचे कामगार

औद्योगिक क्रांती म्हटले की गिरणीचा भोंगा आणि चाळीतली एक खोली आठवते. पण यंत्रयुगाची किंमत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांनीही मोजली. 1860 च्या दशकात रेल्वे कसाऱ्याहून थळ घाट चढली आणि इथले लाकूड, कोळसा मुंबईच्या आवाक्यात आले. 1878 च्या वनकायद्याने जंगल राखीव होऊ लागले, तशी कातकरी-ठाकरांची दळी (डोंगरउतारावरची फिरती शेती) आणि कात काढण्याची भट्टी आक्रसली. 1892 मध्ये इथल्याच तानसा तलावाचे पाणीही मुंबईला पोचले. तिकडे शहरात 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत बंदी केली. मात्र तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, किमान शंभर कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. कोळशाच्या भट्टीला ना भोंगा, ना तपासनीस.

कुणी म्हणेल, या पाड्यांवरची कर्जापोटीची वेठबिगारी ही सावकारी-जमीनदारीची देणगी. तिचा दोष यंत्राला कशाला? कर्ज जुने होते, हे खरेच. पण जंगलाचा आधार तुटल्यावर त्याच कर्जाची पकड घट्ट झाली आणि शहराच्या मागणीने स्वस्त मजुरीला गिऱ्हाईक मिळवून दिले. रेल्वेने रोजगार दिला, हा दुसरा आक्षेपही निम्माच खरा: काम मिळाले, पण सौदा करण्याची ताकद मिळाली नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली, तरी पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर पाड्यावरचे अख्खे कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि मोबदला ठरतो हजार विटांवर. म्हणून उद्योगाचा इतिहास गिरणीच्या फाटकाशी थांबवणे अपुरे आहे.