अर्जाविना गौरव

५ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४५ शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आले. त्यांत नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या जिल्हा परिषद हायस्कूलचे डॉ. शेख मोहम्मद वकिओद्दीन शेख हमिदोद्दीन आणि लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयाचे डॉ. संदीपान गुरुनाथ जगदाळे ही दोन नावे होती. साऱ्या देशातून ४५ आणि त्यांतील दोन परस्परांना लागून असलेल्या या जिल्ह्यांतील, ही मराठवाड्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट होय. परंतु हारतुऱ्यांपलीकडे जाऊन एक प्रश्न विचारावयास हवा. शिक्षकाचे यश म्हणजे नेमके काय, आणि ते ओळखण्याचे काम कोणाचे?

हा राष्ट्रीय पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. पूर्वी राज्य सरकारांच्या शिफारशींवरून दरवर्षी तीनशेहून अधिक शिक्षक निवडले जात. २०१८ पासून संख्या घटली आणि पद्धतही बदलली. आता शिक्षकाने स्वतःच संकेतस्थळावर नाव नोंदवावयाचे, कामाचे पुरावे, छायाचित्रे, चित्रफिती जोडावयाच्या. मग जिल्हा समिती, राज्य समिती आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षक मंडळ अशी चाळणी लागते. या बदलाचा लाभ नाकारता येणार नाही. वरिष्ठांची मर्जी संपादन केल्यावाचूनही सामान्य शिक्षकाला हे दार ठोठावता येऊ लागले. तथापि काम करण्याची कला आणि त्या कामाची नोंद मांडण्याची कला या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याचाही ज्याला संकोच वाटतो, त्याचे काम जगापुढे कोणी ठेवावयाचे?

मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. निजामी राजवटीत उर्दूचे प्राबल्य असताना ज्यांनी येथे राष्ट्रीय शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली, त्यांना कोणी पदके दिली नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात येण्यापूर्वी नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिकवीत. केवळ प्रमाणपत्रे पाहून माणूस पारखावयाचा असता, तर इंटरच्या परीक्षेत नापास झालेल्या या शिक्षकाला कोणी जवळ केले नसते. नांदेडने त्यांना ओळखले, ते त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आणि श्रोत्यांच्या अनुभवावरून.

लातूरचा अनुभव थोडा निराळा आहे. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून ज्या ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला, त्याच्या मुळाशी प्राध्यापकांचे सामूहिक श्रम होते. जादा तास, प्रश्नपत्रिकांचा पुनःपुन्हा सराव आणि विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष ही त्याची साधी सूत्रे. पुढे मात्र या साऱ्याचे माप गुणांच्या टक्केवारीत होऊ लागले. निकाल लागताच चौकाचौकांत गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. त्याच मुलाचा हात धरून पहिलीत ‘ग म भ न’ गिरवून घेणारी बाई त्या फलकावर कधी दिसत नाही.

आणि जेथे गुणवंतांचे फलक लागतच नाहीत तेथील यशाचे काय? मुखेड-कंधारच्या भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. आईबापांना विनवून एखाद्या मुलीला गावातच आजीजवळ ठेवून घेणारे गुरुजी आणि मार्चच्या हजेरीपटावरही टिकून राहिलेले तिचे नाव, हे यश कोणत्या रकान्यात भरावयाचे? देगलूरच्या सीमेवर घरी तेलुगू बोलणारे मूल, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी वा कोलामी बोलणारे मूल मराठी पुस्तक वाचू लागते, त्यामागे शिक्षकाने ती बोली शिकून घेतलेली असते. त्याची चित्रफीत सहसा निघत नाही.

म्हणून गौरवाचा आरंभ दिल्लीत नव्हे, गावात व्हावयास हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले आहे. या समितीने वर्षातून एकदा तरी शिक्षकाच्या कामाची आस्थेने दखल घ्यावी. किती मुले टिकली, किती वाचू लागली हे पाहावे, आणि माजी विद्यार्थ्यांना विचारावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनातून अर्धा तास काढून, ज्याचा पाठ खरोखर साधला त्या सहकाऱ्याला तो मांडू द्यावा. पुरस्कारासाठी अर्ज करावयाचाच असेल, तर त्याची कागदपत्रे जुळविण्याचे काम सहकाऱ्यांनी आणि पालकांनी अंगावर घ्यावे.

शासनाचेही एक कर्तव्य आहे. शिक्षकाच्या खांद्यावर शाल घालून दुसऱ्या दिवशी त्याला माहितीचे तक्ते भरावयास बसविणे हा गौरव नव्हे. रिक्त पदे भरणे आणि शिकविण्याचा वेळ शिकविण्यासाठीच मोकळा ठेवणे, हा प्रत्येक शिक्षकाचा सन्मान आहे. अर्धापूर आणि लातूरच्या शिक्षकांचे अभिनंदन करताना आपल्या गावच्या शाळेतील अशा एका तरी गुरुजींचे वा बाईंचे काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.