व्यवसाय कर आणि दुष्काळातील रोजगार

पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याचे पीक जाते आणि शेतमजुराचा रोजगारही बुडतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे तीव्रतेने अनुभवले. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या अधिनियमाचे अधिष्ठान लाभले. २६ जानेवारी १९७९ पासून ग्रामीण प्रौढांना अंगमेहनतीचे काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामे निघाली.

या योजनेच्या निधीसाठी १९७५ च्या कायद्यान्वये व्यवसाय कर आकारण्यात आला. शासनानेही तितकाच वाटा घातला. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातील कॅम्प ४ मधल्या व्यापाऱ्यांचा आणि नोकरदारांचा कर अशा रीतीने दुष्काळी शिवारातील मजुरीच्या कामी आला.